मधल्या वाटेबद्दल आभार

तज्ज्ञांच्या अभ्यासाशिवाय कोणतीही पायवाट फार काळ टिकू शकत नाही, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. हॉकरबेकची मधली वाट अशा अभ्यासाशिवाय काही शतकं टिकली होती, हे खरं. पण ती कशी टिकली याचा एकही कागद उपलब्ध नसल्यामुळे ते टिकणं जमेस धरता येत नाही. सुदैवाने आता भरपूर कागद उपलब्ध आहेत आणि वाट बंद आहे.

मी हॉकरबेक ग्रामसभेचा चिटणीस. या गावात येऊन मला एकतीस वर्षं झाली, म्हणजे तसा मी नवीनच. नव्या माणसाला आपलंसं करायचं तर जे काम कुणालाच नको ते त्याच्या गळ्यात घालावं, अशी इथली उदार पद्धत आहे. त्यानुसार आल्याच्या तिसऱ्या महिन्यात मी चिटणीस झालो. माझं अक्षर चांगलं आहे. (याला पुढे फार महत्त्व येणार आहे, म्हणून सांगितलं. बढाई समजू नये.)

मधली वाट चर्चच्या मागच्या बाजूने निघते, गावमाळ ओलांडते, दगडी कुंपणाच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरते आणि लो बार्न या एकुलत्या एक घराच्या दारात संपते. चालत अकरा मिनिटं. तेच मोटाररस्त्याने गेलं तर सव्वातीन मैल. बस मंगळवारी असते, तीही चालकाची कंबर धड असली तर.

लो बार्नमध्ये एनिड राहते. वय चौऱ्याऐंशी, दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून खाटेवर. तिची धाकटी बहीण हेस्टर अ‍ॅल्डरसन, वय एक्याऐंशी, गावात राहते. हेस्टर रोज दुपारी बाराच्या ठोक्याला झाकणाच्या बरणीत बार्ली-मटणाचं सूप घेऊन मधल्या वाटेने निघते. अकरा मिनिटांत सूप गरम राहतं. सव्वातीन मैलांत राहत नाही, आणि हेस्टरचे गुडघेही राहत नाहीत. कुंपणाच्या पायऱ्या तिच्या नवऱ्याने, कैलासवासी वॉल्टरने, स्वतःच्या हाताने बांधल्या. एका पायरीत त्याने मुद्दाम खळगा ठेवला आहे, बायकोला बरणी टेकवता यावी म्हणून. वाटेचा सगळा उपयोग हा एवढाच, आणि सगळा मामलाही एवढाच. बाकी जे आहे ते परिशिष्ट.

आता गावमाळ. गावमाळ गावाचा आहे, असं गाव म्हणतं. तो मेजर स्ट्रिकलंड यांचा आहे, असं कागद म्हणतो. मेजर या विषयावर एकोणनव्वद वर्षं काहीच बोलले नाहीत. माळावरून कुणी गेलं की ते खिडकीतून काठी उंचावत. ते 'राम राम' होतं की 'चालते व्हा' होतं, हे विचारणं कुणालाच प्रशस्त वाटलं नाही. गेल्या फेब्रुवारीत मेजर वारले आणि मालमत्ता लंडनला राहणाऱ्या पुतण्याकडे, ऑब्री साहेबांकडे गेली. या गृहस्थांकडे दूरदृष्टी आहे, असं पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःच सांगितलं.

आमच्या देशात पायवाटेचा कायदा मोठा गोड आहे. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, काही न मोडता आणि कुणाला न विचारता गेले, की ती वाट सर्वांच्या हक्काची होते. मालक 'नको' म्हणाला आणि तरी तुम्ही गेलात, तर ती दांडगाई. मालक 'या' म्हणाला आणि तुम्ही गेलात, तर ती मेहेरबानी. तो काही बोलला नाही आणि तुम्हीही काही विचारलं नाही, तरच तो हक्क. लाजऱ्या माणसांच्या स्वभावाला इतका साजेसा कायदा जगात दुसरा नसेल. अट एकच, दोन्ही बाजूंनी तोंड बंद ठेवायचं.

तोंड बंद ठेवावं की काय करावं, यावर विचार करायला ग्रामसभेची तातडीची बैठक बोलावण्यात आली.

"पुतण्या तारा ठोकायच्या आत वाट सरकारी नकाशावर चढली पाहिजे," अध्यक्ष मिसेस ब्लेनकिन म्हणाल्या. अध्यक्षबाईंनी एकदा 'पाहिजे' म्हटलं की सभागृहातली बिस्किटंसुद्धा सरळ बसतात.

"चढवायचीय काय त्यात?" मागच्या बाकावरून हेस्टर म्हणाली. "वाट आहे ना? मग चाला की गपचूप! उगाच कशाला कुणाला जागं करताय?"

हेस्टरच्या या सूचनेला कोणताही आधार-संदर्भ जोडलेला नसल्यामुळे ती नोंदवून बाजूला ठेवण्यात आली आणि पर्यावरण सल्लागार नेमण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (हेस्टर तेव्हा बरणी घेऊन निघून गेली होती. बारा वाजत आले होते.)

मीडोमॉस सल्लागार संस्थेचे डॉ. क्रिस्पिन हेल पुढच्याच आठवड्यात दाखल झाले. माणूस अतिशय सज्जन. पहिले दोन दिवस त्यांनी वाटेवर पाऊलच ठेवलं नाही. पाऊल ठेवल्याने वाटेवर परिणाम होतो आणि मग अभ्यास मूळ स्थितीचा राहत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते कडेने, गवतातून चालले. तिसऱ्या दिवशी तिथे दुसरी वाट पडली. तिचाही अभ्यास करावा लागेल, असं ते म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांनी वॉल्टरच्या पायऱ्यांशेजारी मेंढ्यांचं फाटक आहे, त्याच्या खांबावर मोजणी यंत्र बसवलं. समोरून काहीही गेलं की ते 'टिक' करायचं. सहा आठवड्यांत यंत्राने ४१,२९२ अभ्यागत नोंदवले. हॉकरबेकची लोकसंख्या २१४ असल्यामुळे हा आकडा ऐकून सभागृहात समाधानाची लाट उसळली. तपशील असा:

सकाळी एका रांगेत जाणारे व संध्याकाळी एका रांगेत परतणारे – ४१,१६०
दुपारी बाराला एकटेच जाणारे व सव्वाला परतणारे – ८४
इतर (अध्यक्षबाई, त्यांचा कुत्रा, मी) – ४८

पहिल्या गटात मेंढ्या असाव्यात, असं मी नम्रपणे डॉक्टरांच्या कानावर घातलं. माळावर चारशे नव्वद मेंढ्या चरतात, त्या रोज दोनदा फाटकातून जातात. गुणाकार मी घरून करून आणला होता.

"शक्य आहे," डॉ. हेल विचार करून म्हणाले. "पण आमचं यंत्र भेदभाव करत नाही."

अहवालात या गटाला 'नियमित सामूहिक अभ्यागत' म्हटलं आहे. ते शिस्तप्रिय असून प्लास्टिकचा कचरा अजिबात टाकत नाहीत, अशी त्यांची विशेष प्रशंसा केली आहे. (अन्य स्वरूपाचा कचरा जैविक असल्याने तो सकारात्मक बाबींच्या रकान्यात गेला.)

त्यानंतर प्रश्नावली आली. चौतीस प्रश्न होते. आमच्या माणसांना कुणी मनापासून काही विचारलं की ती विरघळतात, आणि समोरच्याला वाईट वाटेल असं उत्तर देणं त्यांच्या रक्तात नाही. चौदावा प्रश्न होता: 'ही वाट वापरू दिल्याबद्दल जमीनमालकांविषयी आपली भावना काय?' त्रेसष्ट जणांनी 'अत्यंत कृतज्ञ' वर खूण केली. एकाने तर 'अत्यंत' खाली रेघ मारली. (तो मी.)

चौसष्टावा अर्ज हेस्टरचा. तिने तेहतीस प्रश्न कोरे सोडले होते आणि चौदाव्यापुढे जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: 'कोण कोणाला वापरू देणार? अठ्ठावन्न वर्षं जातेय. कधी विचारलं नाही, विचारणार नाही.'

डॉ. हेल यांनी हा अर्ज बराच वेळ न्याहाळला. एकूण कृतज्ञता शंभर टक्के येत असताना या एका अर्जामुळे ती ९८.४ वर घसरत होती. असा एखादा फटकून असलेला अर्ज वगळण्याची शास्त्रात सोय आहे. त्यांनी ग्रामसभेची संमती मागितली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हेस्टर ना? तिचं काय मनावर घ्यायचं! ती बिशपलासुद्धा 'टोपी सरळ कर' म्हणाली होती." अर्ज वगळण्यात आला. इतिवृत्तात ही नोंद मी सुवाच्य अक्षरात केली आहे.

इथे मला नाताळच्या कार्डांबद्दल सांगितलं पाहिजे. सांगू नये असं वाटतं, पण आता सगळ्या जिल्ह्याला माहीत झालंय.

मी गावात आलो तेव्हा पहिल्याच नाताळात, आपण चांगलं दिसावं म्हणून, मेजरसाहेबांना गावातर्फे एक कार्ड लिहिलं. सोबत संत्र्याच्या मुरंब्याची बाटली. कार्डात लिहिलं: 'मधल्या वाटेवरून आम्हाला जाऊ देता, त्याबद्दल समस्त गावकऱ्यांचे मनःपूर्वक आभार.' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "छान दिसतंय हो, दरवर्षीच पाठवू या." मेजरांचं चार दिवसांनी उत्तर आलं, दोनच शब्दांचं: 'आनंद आहे.' बस्स, पद्धत पडली. एकतीस नाताळ, एकतीस कार्डं, एकतीस मुरंबे आणि तीस 'आनंद आहे'. (शेवटच्या वर्षी मेजर इस्पितळात होते.) कार्डावर सगळं गाव सही करायचं, फक्त हेस्टर नाही.

"कशाची सही?" ती दरवर्षी मला झापायची. "वॉल्टर पायऱ्या बांधत होता तेव्हा तुझा मेजर आला होता का दगड उचलायला? मुरंबा द्यायचा तर मला दे रे चिटणीसा, मी सूप तरी देते कुणाला तरी."

मी हसून तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहायचो.

डॉ. हेल यांनी जेव्हा 'समुदाय आणि जमीनमालक यांच्यातील संबंधांचा काही पुरावा आहे का?' असं विचारलं, तेव्हा माझी छाती फुगली. तीस वर्षांत कुणी माझ्या कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी सगळी फाइल काढली: प्रत्येक कार्डाची नक्कल, प्रत्येक उत्तर, तारीखवार, दोऱ्याने बांधलेली. डॉक्टर भारावून गेले. म्हणाले, "इतकी परिपूर्ण फाइल मी आयुष्यात पाहिली नाही." त्या संध्याकाळी मी घरी शेरीचे दोन पेले घेतले.

अहवाल दोनशे अठरा पानांचा झाला. वजनदार होता. अध्यक्षबाईंनी तो दोन्ही हातांनी स्वीकारला. त्यात मधल्या वाटेला 'अनुभव-मार्गिका क्रमांक एक' असं नाव मिळालं होतं. (क्रमांक दोन नाही.) मुख्य शिफारशी तीन होत्या. एक्केचाळीस हजारांच्या या गर्दीसाठी गावमाळावर एकशेवीस गाड्यांचा वाहनतळ करावा. एवढ्या पावलांनी दमलेल्या वाटेला बेमुदत विश्रांती द्यावी. विश्रांतीनंतर वाट सुरू झालीच तर ती एकेरी ठेवावी, म्हणजे अभ्यागतांनी लो बार्नकडे जावं आणि परत मात्र मोटाररस्त्याने यावं.

"म्हणजे मी बहिणीकडे जायचं आणि घरी यायचंच नाही?" हेस्टरने सभेत विचारलं.

"परतीचा पर्यायी मार्ग सव्वातीन मैलांचा असून निसर्गरम्य आहे," डॉ. हेल म्हणाले.

"बरं झालं हो सांगितलंत! एक्याऐंशी वर्षं त्या निसर्गाकडे पाठ करून बसले होते मी."

अहवाल आणि सोबत माझी फाइल, असं सगळं जिल्हा कार्यालयात गेलं. तीन महिन्यांनी निर्णय आला. त्याचा मथितार्थ असा, की गेली एकतीस वर्षं या वाटेचा वापर मालकाच्या परवानगीने होत होता आणि इतकी नियमित, स्पष्ट व सुंदर अक्षरातली परवानगी या कार्यालयाच्या पाहण्यात नाही. सबब, हक्क सिद्ध होत नाही. कागदपत्रांच्या जतनाबद्दल चिटणिसांचं कौतुक करण्यात येत आहे.

"एकतीस वर्षांच्या आधीचं काय?" अध्यक्षबाईंनी फोनवर विचारलं. "तेव्हा तर कार्डं नव्हती!"

तिकडचा अधिकारी भला होता. तो म्हणाला, कार्डांच्या आधी सलग वीस वर्षं न विचारता चाललेली एक व्यक्ती जरी पुढे आली तरी पुष्कळ फरक पडेल. आम्ही शोध घेतला. त्या काळचे बहुतेक साक्षीदार चर्चच्या मागे, वाट जिथून सुरू होते तिथेच, दगडाखाली सापडले. जिवंत दोघी होत्या. एनिड खाटेवर असल्यामुळे ती अभ्यागत या व्याख्येत बसली नव्हती, म्हणून तिला प्रश्नावली गेलीच नव्हती. आणि हेस्टरचा अर्ज आम्ही स्वतःच अग्राह्य ठरवला होता. आपल्याच ठरावाने अग्राह्य ठरवलेला साक्षीदार आता आठवला म्हणून पुन्हा ग्राह्य धरता येईल का, असं अधिकाऱ्याने तोंडभरून दिलगिरी व्यक्त करत विचारलं. अध्यक्षबाईंनी त्याचे आभार मानून फोन ठेवला.

सोमवारी माळाच्या फाटकाला कुलूप लागलं. शेजारी हिरवा, देखणा फलक: 'आपले येथे नेहमीच स्वागत होते. वाट सध्या विश्रांती घेत आहे.' त्या दिवशी हेस्टर मोटाररस्त्याने गेली. दोन तास लागले. एनिडने सूप थंडगार प्यायलं आणि परत येताना हेस्टर टपाल हापिसाच्या ओट्यावर बसून राहिली, तिला उठवेना. मी खिडकीतून पाहत होतो. मला फार वाईट वाटलं. मी जाऊन तिला गाडीतून घरी सोडलं.

गुरुवारी ऑब्री साहेबांचं तिला पत्र आलं. ते घेऊन ती तडक माझ्याकडे आली. चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला लावलं. 'प्रिय हेस्टर, आपली अडचण समजली. आपल्या हयातीत आपण या वाटेने खुशाल ये-जा करावी.' अध्यक्षबाई तिथेच बसल्या होत्या.

"घे की बाई!" त्या म्हणाल्या. "चांगलं म्हणतोय तो. एनिडला गरम सूप मिळेल."

"माझ्या हयातीत!" हेस्टर म्हणाली. "आणि मी गेले की? एनिड शंभर काढणार, आमच्या घरात थोरल्या मरत नाहीत. तिच्याकडे मग कोण जाणार, तू? त्या रस्त्याने? अगं, आज मी 'हो' म्हटलं तर अठ्ठावन्न वर्षं मी भीकच मागत होते असं होईल. वॉल्टरच्या पायऱ्या काय त्याच्या मेहेरबानीवर उभ्या आहेत?" मग माझ्याकडे वळली. "घे रे चिटणीसा कागद. लिही."

मी लिहिलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं: 'महाशय, तुमची परवानगी मला नको. मी चालते ती वाट आहे म्हणून. तुम्हाला माझ्यावर खटला भरायचा तर भरा, कोर्टात मी सगळं सांगेन.' एकतीस वर्षांत मी असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. 'कोर्टात सांगेन' इथे अध्यक्षबाईंचेसुद्धा डोळे भरून आले. कारण कोर्टात गेलेला साक्षीदार कुणाच्या टक्केवारीतून वगळता येत नाही, आणि ऑब्री साहेबांना नेमकी हीच एक धास्ती होती. पत्र मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं, हेस्टरने खाली सही केली, आणि मी ते स्वतः नेऊन पेटीत टाकलं.

आठवड्याने वकिलाचं उत्तर आलं. 'आपल्या पत्रातील सुरुवातीचा भावनेचा भर आम्ही समजू शकतो. तथापि पत्राच्या अखेरीस आपण "तसदीबद्दल क्षमस्व व आपल्या सौजन्याबद्दल मनःपूर्वक आभार" असे नमूद केले आहे. सदर आभारांवरून आमच्या अशिलाचे सौजन्य आपण स्वीकारल्याचे स्पष्ट होत असून, खटल्याचे काहीही कारण उरलेले नाही. कळावे.'

शपथेवर सांगतो, ते मी लिहिलं नाही. माझ्या हाताने लिहिलं. एकतीस वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी तो तेच लिहीत आलाय, त्याला मजकुराशी काही कर्तव्य नाही.

तेव्हापासून हेस्टर रोज बाराला मधल्या वाटेने जाते. तिला अडवत कुणी नाही, कारण तिला परवानगी आहे. कुलपाच्या बाजूने वॉल्टरच्या पायऱ्या चढते, खळग्यात बरणी टेकवते आणि मोजणी यंत्राकडे तोंड करून ठणकावून सांगते, "मला परवानगी नाही! मी कुणाला विचारलेलं नाही!" यंत्र 'टिक' करतं. मीडोमॉसच्या ताज्या तिमाही पत्रकात 'समाधानी अभ्यागत: एक' अशी नोंद आहे. सूप गरम पोचतं. तिच्यानंतर मात्र नाही पोचणार, हे एनिडलाही कळलंय. ती हल्ली बहिणीला रोज नीट जेवतेस का म्हणून विचारते.

हेस्टर मला आता 'चिटणीसा' म्हणत नाही. 'अहो चिटणीस' म्हणते. मी तिला माफीचं कार्ड पाठवलं होतं. ते न फोडताच परत आलं, पाकिटावर जाड पेन्सिलीने लिहिलेलं: 'अहो चिटणीस, आता लिहिणं पुरे.' फाइलला लावून ठेवलं आहे.

हॉकरबेकची माणसं भलतीच भोळी, असं एव्हाना तुमच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. तुम्ही सकाळी जिथे फिरायला जाता, ती टेकडी म्हणा, तळ्याचा काठ म्हणा, तिथे तुम्ही कुणाला विचारून थोडंच जाता? आता एखाद्या दिवशी तिथे छानसा हिरवा फलक लागलेला दिसेल: 'आपले स्वागत आहे.' तुम्हाला बरं वाटेल. घरच्यांना बोलावून फलकाशेजारी उभं राहून फोटो काढाल, वर 'खूप खूप आभार' असं लिहून तो चार लोकांना पाठवाल. जरूर पाठवा, आणि हसायला विसरू नका. डॉ. हेल म्हणतात, चेहरे स्पष्ट आणि खाली तारीख असली की असे फोटो कार्डांपेक्षाही चांगले चालतात.